चेअरमन कसा जोखावा?

(सभासद शिक्षण : अभ्यासपाठ)



वार्षिक सभा जवळ आली की अहवालाची पुस्तके घरोघर पोचतात. पुष्कळ घरांत ती फळीवर तशीच पडून राहतात. सभासद एकच आकडा विचारतो, टनाला दर किती दिला? शेजारच्या कारखान्यापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले की चेअरमन कर्तबगार. पन्नास रुपये कमी पडले की चेअरमन कुचकामी. पारावर हाच निवाडा चालतो, वजनकाट्यावर ट्रॉलीच्या रांगेत हाच चालतो, आणि पाच वर्षांनी मतपेटीतही बहुधा हाच उतरतो.

दर विचारू नये असे आम्ही म्हणणार नाही. आडसालीचा ऊस ज्याने पंधरा-अठरा महिने सांभाळला त्याने दर विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? पण एका हंगामाचा दर हा माणूस जोखायचा काटा होऊ शकतो का, याचा विचार या पाठात करायचा आहे. मोठा धंदा चालवणाऱ्या माणसाचे यश कुठले, अपयश कुठले, आणि त्यातले त्याच्या स्वतःच्या हातचे किती, हे आपण पाहू. हा पाठ कुणा गटाच्या बाजूचा नाही आणि विरुद्धही नाही. म्हणून मोठी उदाहरणे मुद्दाम लांबची घेतली आहेत. लांबच्या माणसाचा हिशेब राग-लोभ सोडून करता येतो. शिवाय त्याने खुर्ची सोडल्यावर काय झाले, तेही आज आपल्याला दिसते.

सुरुवात मात्र शिवारापासूनच करू. एखाद्याने ओळीने पाच-सहा वर्षे एकरी ऐंशी-नव्वद टन ऊस काढला की गावात त्याचे नाव होते. पाणी भरपूर, खत भरपूर, फेरपालट नाही, निचऱ्याचा चर नाही. ऊस मात्र डोक्यावर गेलेला. मग हळूहळू वाफ्यात पांढरे फुटू लागते, उगवण विरळ होते आणि जमीन क्षारपड होऊन बसते. कृष्णा-वारणेच्या काठच्या सभासदांना हे सांगायला नको. तोवर म्हाताऱ्याने कारभार पोराच्या हाती दिलेला असतो. पोराचा उतारा तीस टनांवर येतो आणि गाव म्हणते, बापासारखी धमक पोरात नाही. आता यात कर्तबगार कोण आणि नालायक कोण? बापाने पीक काढले हे खरे. पण जमिनीतले भांडवल मोडून ते काढले, हे गावाने हिशेबात धरलेच नाही.

अगदी असाच प्रकार जगातल्या एका फार मोठ्या कंपनीत झाला. त्यावर थोडे सविस्तर थांबू.

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक नावाची कंपनी १८९२ साली स्थापन झाली. विजेचा दिवा घराघरांत नेणाऱ्या एडिसनचा उद्योग तिच्यात सामील झालेला. विजेचे दिवे, वीजनिर्मितीची टर्बाईन, रेल्वे इंजिने, विमानांची इंजिने असे सगळे ती बनवी. १९८१ च्या एप्रिलमध्ये जॅक वेल्च हे तिचे चेअरमन झाले. वय अवघे पंचेचाळीस. सप्टेंबर २००१ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, त्यांनी कारभार केला. ते आले तेव्हा शेअर बाजाराच्या भावाने कंपनीची किंमत सुमारे १,४०० कोटी डॉलर होती. गेले तेव्हा ती ४०,००० कोटी डॉलरच्या आसपास होती. म्हणजे अठ्ठावीस-तीस पट! 'फॉर्च्युन' या मासिकाने १९९९ साली त्यांना शतकातला सर्वश्रेष्ठ व्यवस्थापक ठरवले. त्यांच्या पद्धतीवर पुस्तकांचे ढीग निघाले आणि देशोदेशीचे कारखानदार त्यांच्यासारखे बोलू लागले.

त्यांची रीत साधी आणि कठोर होती. जो धंदा आपल्या क्षेत्रात पहिला किंवा दुसरा नाही, तो एकतर सुधारा, नाहीतर विका, नाहीतर बंद करा. १९८० अखेर कंपनीत ४ लाख ११ हजार माणसे होती, १९८५ अखेर २ लाख ९९ हजार राहिली. यातली काही विकलेल्या धंद्यांबरोबर गेली, पण पुष्कळांना घरी बसवले. न्यूट्रॉन बाँब पडला की इमारती उभ्या राहतात आणि माणसे जातात, म्हणून लोक त्यांना 'न्यूट्रॉन जॅक' म्हणू लागले. हे नाव त्यांना आवडत नसे. पण एक मान्य केले पाहिजे की कंपनीत सुस्ती आली होती, कागदी घोडे फार झाले होते, आणि ते त्यांनी मोडून काढले. हे त्यांच्या हातचे काम होते.

मग ती तीस पट वाढ सगळी त्यांच्या हातची का? इथे पहिली मेख आहे. त्याच काळात अमेरिकेचा सगळा शेअर बाजारच वर चालला होता. तिथला डाऊ जोन्स निर्देशांक १९८१ च्या एप्रिलमध्ये हजाराच्या आसपास होता, तो सप्टेंबर २००१ च्या सुरुवातीला साडेनऊ हजारांच्या पुढे होता. म्हणजे एरवीच्या मोठ्या कंपन्याही सरासरीने नऊ-साडेनऊ पट वाढल्या. १९८१ साली अमेरिकेत बँकांचे व्याज वीस टक्क्यांपर्यंत चढले होते, ते पुढे उतरत गेले. आपल्या भाषेत सांगायचे तर वीस वर्षे पाऊस वेळेवर पडत होता. चांगल्या पावसात हलक्या रानातही पीक येते. तेव्हा तीस पटीतून पावसाची साडेनऊ पट बाजूला काढावी लागते. उरते ती वाढही मोठीच आहे. तिचे श्रेय वेल्च यांना द्यायला हरकत नव्हती, पण पुढे दुसरी मेख निघाली.

ती म्हणजे जनरल इलेक्ट्रिकची कर्जे देणारी शाखा. दिवे आणि इंजिने बनवणाऱ्या या कंपनीने वेल्च यांच्या काळात सावकारीचा धंदा अफाट वाढवला. घरांना कर्ज, विमाने भाड्याने, विमा, क्रेडिट कार्डे, काय हवे ते. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस कंपनीच्या एकूण नफ्यात सुमारे चाळीस टक्के वाटा या शाखेचा होता. मूळ कंपनीची पत उत्तम, त्यामुळे बाजारातून पैसा स्वस्तात मिळे, तोच महागात लावला की नफा. आणखी एक सोय होती. कारखान्यातले टर्बाईन पाहिजे त्या दिवशी विकता येत नाही, पण सावकारीतली एखादी मालमत्ता तिमाही संपण्याच्या आत विकून नफा दाखवता येतो. त्यामुळे बाजार जेवढी अपेक्षा करी, तेवढा नफा तिमाहीमागून तिमाही अगदी मापात निघत असे. आपल्यात एखाद्याने दरवर्षी, दुष्काळ असो की अतिवृष्टी, बरोबर साठ टनच काढले तर आपण म्हणू, या काट्यात काहीतरी आहे. तिथे मात्र लोक टाळ्या वाजवीत राहिले.

७ सप्टेंबर २००१ ला वेल्च निवृत्त झाले आणि जेफ्री इमेल्ट त्यांच्या जागी आले. चौथ्या दिवशी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर विमाने आदळली. विमानाची इंजिने आणि विमा, हे दोन्ही या कंपनीचेच धंदे! पुढे २००८ साली जगभर कर्जबाजार कोसळला तेव्हा ती सावकारी शाखा गळ्याशी आली. वॉरेन बफे यांच्या कंपनीकडून ३०० कोटी डॉलर घ्यावे लागले. शाखेच्या १३,९०० कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाला अमेरिकन सरकारच्या योजनेतून हमी मिळवावी लागली. फेब्रुवारी २००९ मध्ये तिमाहीचा लाभांश शेअरमागे ३१ सेंटवरून १० सेंटवर आणला. १९३८ नंतर या कंपनीने लाभांश कधीच कापला नव्हता. त्याच वर्षी, २००२ आणि २००३ सालच्या हिशेबांतील गैरप्रकारांच्या आरोपांवरून, तिने तिथल्या बाजार नियामकाला ५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. आणि २०१८ च्या जानेवारीत, फार पूर्वी पत्करलेल्या वृद्धांच्या शुश्रूषेच्या विम्यापोटी ६२० कोटी डॉलरचा बोजा हिशेबात घ्यावा लागला. शिवाय सात वर्षांत १,५०० कोटी डॉलर राखीव टाकावे लागतील, असे जाहीर झाले. हप्ते गोळा झाले त्या वर्षी ते नफ्यात दिसले. खर्च आला तेव्हा खुर्चीवर दुसराच माणूस होता.

जून २०१८ मध्ये डाऊ जोन्सच्या यादीतून जनरल इलेक्ट्रिकचे नाव वगळले गेले. १९०७ पासून ते अखंड त्या यादीत होते. पुढे कंपनीचे तीन तुकडे झाले. वैद्यकीय यंत्रांचा धंदा २०२३ साली वेगळा झाला, विजेचा २०२४ साली, आणि विमानाच्या इंजिनांची उरली ती तिसरी. वेल्च १ मार्च २०२० रोजी वारले. त्यांनी स्वतःच २००९ साली एका मुलाखतीत, नुसत्या शेअरच्या किमतीमागे धावणे हे धोरण म्हणून खुळचटपणाचे आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. वीस वर्षे ज्या मापाने त्यांची वाहवा झाली, त्या मापाबद्दल हे त्यांचेच मत!

म्हणून सगळे खापर वेल्च यांच्या डोक्यावर फोडावे का? तेही बरोबर नाही. इमेल्ट यांना सोळा वर्षे मिळाली होती. सावकारी शाखा आवरती घ्यायची सोडून त्यांनी सुरुवातीला ती वाढवलीच. २००४ साली तर पत नसलेल्या लोकांना घरकर्जे देणारी एक कंपनी विकत घेतली. २०१५ साली फ्रान्सच्या आल्स्टॉम कंपनीचा वीजयंत्रांचा धंदा घेतला. पुढे वीजविभागाचे मूल्य तब्बल २,२०० कोटी डॉलरने हिशेबातून खाली आणावे लागले, त्यात या खरेदीचा मोठा भाग होता. बापाने जमीन खारवली हे खरे, पण पोरानेही चर खणायच्या ऐवजी आणखी पाणी सोडले. दोघांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो आणि तो मांडायला पंचवीस वर्षे जावी लागली.

हे आपल्याला कुठे लागू पडते ते आता सांगतो.

साखर कारखान्याचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्या दिवशी गाळप संपत आलेले असते आणि गोदामे साखरेने भरलेली असतात. ती साखर विकलेली नसते, तिची किंमत कागदावर लावायची असते. आता समजा गोदामात पाच लाख क्विंटल साखर आहे. क्विंटलला शंभर रुपये चढे मूल्यांकन लावले की पाच कोटी रुपये नफा वाढला. एक पोतेसुद्धा जास्त तयार झाले नाही, रोकड एक पैसा आली नाही, पण अहवाल देखणा झाला. त्या नफ्याच्या भरवशावर दर जाहीर झाला तर पैसा कर्जातून येतो आणि पुढल्या वर्षी साखर कमी भावाने विकली की तोटा नव्या वर्षाच्या नावावर पडतो. नियमाप्रमाणे खर्चाचा किंवा बाजाराचा, यात जो कमी तो भाव धरायचा असतो. तो तसाच धरला आहे का, हे बघायला फार शिक्षण लागत नाही. मूल्यांकनाचा क्विंटलचा दर आणि एप्रिल-मे महिन्यांत प्रत्यक्ष विकलेल्या साखरेचा दर शेजारी शेजारी लिहावा.

दुसरी जागा म्हणजे बिगरहंगामातली दुरुस्ती. मिलचे रोल, बॉयलरच्या नळ्या, कॅरिअरच्या साखळ्या, यांवर दर साल खर्च करावाच लागतो. एका वर्षी तो निम्मा केला तर टनामागे काही रुपये सुटतात आणि दरात घालता येतात. सभासद खूश! पुढच्या हंगामात ऐन जानेवारीत मिल बंद पडते, तोडलेला ऊस फडात वाळतो, बगॅसमधून साखर वाया जाते. त्या वेळी चेअरमन बदललेला असला तर शिव्या नव्याला.

तिसरी जागा जरा बारकाईने समजून घ्यावी, कारण इथे फसगत फार होते. ती म्हणजे साखर उतारा. उतारा चांगला पडला की व्यवस्थापन चांगले, असे सरसकट म्हटले जाते. कोल्हापूर-सांगलीकडे बारा टक्क्यांच्या आसपास उतारा पडतो आणि मराठवाड्यात त्याहून कमी, यात चेअरमनचे काय? हवा, जमीन, उसाची जात, हे त्याने आणलेले नाही. उसात मुळात किती साखर होती, आणि त्यातली कारखान्यात किती घटली, असे दोन भाग पाडले तर खरी गोष्ट कळते. बगॅस, मळी, मोलॅसिस यांतून जाते ती एकूण साखर घट. ही घट कारखान्याच्या हातातली गोष्ट आहे. तोडणीचा कार्यक्रम पक्वतेप्रमाणे लागला का, तोडल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत ऊस किती तास ताटकळला, हेही हातातलेच. उतारा अकराचा साडेअकरा झाला आणि घट होती तेवढीच राहिली, तर आभार पावसाचे आणि आपल्या फडाचे मानावेत. उतारा तसाच राहून घट कमी झाली, तर मात्र चीफ केमिस्ट, चीफ इंजिनिअर आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणारे संचालक मंडळ यांचे कौतुक जरूर करावे. गंमत अशी की या दुसऱ्या प्रकाराला कुणी हार घालीत नाही.

आणि दर? किमान दर केंद्र सरकार ठरवते. २००९-१० पासून तो 'उचित व लाभकारी दर' या नावाने, उताऱ्याशी बांधून, ठरू लागला. ऊस नियंत्रण आदेशात पैसे देण्याला चौदा दिवसांची मुदत आहे. म्हणजे किमान दर हे चेअरमनचे दान नव्हे, तो कायदा आहे. त्यावर काय दिले, चौदा दिवसांत दिले का, आणि कर्ज न वाढवता दिले का, एवढाच भाग त्यांच्या खात्यावर.

आतापर्यंत दिसणारे यश कसे फसवते ते पाहिले. दिसणारे अपयशही तितकेच फसवते.

ली आयाकोका हे अमेरिकेतल्या फोर्ड मोटार कंपनीतले मोठे नाव. १९६४ साली आलेली मस्टँग गाडी त्यांच्या नावावर जमा आहे. पहिल्या वर्षातच तिच्या चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच काळात पिंटो ही छोटी गाडी निघाली. मागून धक्का बसला की तिच्या टाकीला आग लागण्याचा धोका होता आणि १९७८ साली सुमारे पंधरा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खात्यावरच्या. १९७८ च्या जुलैमध्ये मालक हेन्री फोर्ड दुसरे यांनी त्यांना काढून टाकले. कंपनी त्या वेळी भरपूर नफ्यात होती!

त्याच साली नोव्हेंबरात ते क्रायस्लर या बुडत्या मोटार कंपनीत गेले. १९७९ साली क्रायस्लरला ११० कोटी डॉलर तोटा झाला. १९८० साली १७० कोटी डॉलर. आता आपण असे धरू की १९८० च्या अखेरीस तिथे आपल्यासारखी वार्षिक सभा भरली आहे आणि एका सभासदाला एक मत आहे. आयाकोकांचे पॅनेल निवडून आले असते का? आमच्या मते डिपॉझिट जप्त झाले असते. दोन वर्षांत तोटा वाढवला, सरकारच्या दारात हात पसरले, कारखाने बंद केले, हजारो कामगारांना घरी बसवले. भाषणाला एवढा मसाला पुरे होतो.

पण त्या दोन वर्षांत काय चालले होते? जानेवारी १९८० मध्ये सरकारने १५० कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी देण्याचा कायदा केला. त्यातले १२० कोटी कंपनीने उचलले. कामगार संघटनेने पगारात सवलत दिली आणि तिच्या अध्यक्षांना संचालक मंडळात जागा मिळाली. आयाकोकांनी स्वतः वर्षाला एक डॉलर पगार घेतला. पुढे शेअरच्या रूपाने त्यांची भरपाई भरघोस झाली, तेही सांगायला हवे. सरकारी हमीचे सगळे कर्ज १९८३ साली, मुदतीच्या सात वर्षे आधी, फेडून टाकले. १९८४ साली नफा २४० कोटी डॉलर झाला.

इथेही दान कुणाकुणाचे होते ते वेगळे करावेच लागते. पेट्रोल कमी पिणाऱ्या ज्या गाड्यांनी क्रायस्लरला तारले, त्यांचे काम आयाकोका येण्याआधी सुरू झाले होते. ते करणारे हॅल स्पर्लिक हेही फोर्डमधून काढलेलेच. १९८१ साली जपानने आपल्या गाड्यांच्या निर्यातीवर मर्यादा घालून घेतली, त्याचाही फायदा झाला. तरी हे सगळे धागे एकत्र ओढणारा, बँका, सरकार आणि कामगार या तिघांना एका टेबलाशी बसवणारा माणूस आयाकोकाच होता. तोटा त्यांच्या नावावर दिसला, पण तो बहुतांशी वारसाने आलेला होता.

आपल्याकडचे उदाहरण हवे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे घ्या. लोखंडी नांगर त्यांनी केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते, विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. तेव्हा त्यांना नापास ठरवणारे आपलेच पणजोबा होते. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि त्याच नांगराने महाराष्ट्राची काळी जमीन उलथली. माल चांगला, पण गिऱ्हाईक तयार नाही, अशा अपयशाला माणूस नालायक म्हणत नाहीत.

अपयशाचे आणखी एक अलीकडचे रूप आपल्या धंद्यातच पाहायला मिळाले. २०१८ नंतर केंद्र सरकारने इथेनॉलसाठी व्याजसवलतीची कर्जे देऊ केली. पुष्कळ कारखान्यांनी रसापासून इथेनॉल करण्यासाठी डिस्टिलरी उभारली किंवा वाढवली. २०२३ साली पाऊस कमी झाला. साखर कमी पडेल या धास्तीने ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन हंगामात, रस आणि पाक इथेनॉलकडे वळवायला सरकारने मनाई केली. आठवडाभरात ती काही अंशी सैल झाली, पण पूर्ण उठायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. तोवर कर्जाचे हप्ते थांबले नाहीत. या तोट्याबद्दल चेअरमनला सुळावर द्यायचे का? मनाई त्याच्या हातची नव्हती. पण प्रश्न विचारायचे ते असे : प्रकल्पाचा सगळा हिशेब रसावरच बसवला होता, की बी-हेवी मोलॅसिस आणि धान्य यांचीही सोय ठेवली होती? स्वनिधी किती आणि कर्ज किती? सरकार धोरण बदलू शकते, ही शक्यता मंडळाच्या ठरावात कुठे नोंदली होती का? ज्याने वाईट वर्षासाठी जागा ठेवली होती आणि तरी तोटा आला, तो आणि ज्याने सगळी बैलजोडी एकाच डावावर लावली तो, हे दोघे ताळेबंदात सारखेच दिसतात. माणूस म्हणून सारखे नाहीत.

राहता राहिला तो खरोखरीचा नालायक. तो कसा ओळखावा? आमचा अनुभव आणि वाचन असे सांगते की तोट्यापेक्षा तोटा लपवण्यावरून तो लवकर ओळखू येतो. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे चेअरमन रामलिंग राजू यांना उद्योगजगत डोक्यावर घेत होते. उत्तम कारभाराबद्दल सत्यमला २००८ सालीच 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळाला. आणि ७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की हिशेबात दाखवलेली हजारो कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. एकूण घोटाळा ७,००० कोटींच्या घरातला होता. एप्रिल २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी धरून सात वर्षांची सजा दिली. शतकातला सर्वश्रेष्ठ हा किताब काय किंवा उत्तम कारभाराचा पुरस्कार काय, चेअरमनच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाला शोभा आणतात. तुमच्या कामाला येतो तो लेखापरीक्षकाचा अहवाल, आणि तोही मुख्यतः त्यातली शेरे-आक्षेपांची पाने, जी सगळ्यात शेवटी बारीक टाईपात असतात.

आपल्या राज्यातले कितीतरी सहकारी कारखाने गेल्या तीस वर्षांत बंद पडले, भाड्याने गेले, खाजगी मालकांनी विकत घेतले. तिथल्या सभासदांचे शेअर होते, टनामागे कापलेल्या ठेवी होत्या. ज्या वर्षी सगळ्यात चढा दर मिळाला, त्या वर्षाच्या सभा तिथेही आनंदात पार पडल्या असतील.

आता अभ्यास. गेल्या सहा वर्षांचे अहवाल जमवा. घरी नसतील तर शेजाऱ्याकडे असतील. वहीच्या एका पानावर साल आडवे लिहा आणि खाली हे आकडे उतरवा : गाळप, उतारा, एकूण साखर घट, मिल बंद राहिल्याचे तास, ३१ मार्चची शिल्लक साखर आणि तिचा लावलेला भाव, दुरुस्ती-देखभालीचा खर्च, एकूण कर्ज, भरलेले व्याज, आणि सगळ्यात शेवटी दर. शेजारच्या एखाद्या कारखान्याचे हेच आकडे मिळाले तर त्याच पानावर वेगळ्या शाईने लिहा, कारण पाऊस दोघांना सारखाच पडलेला असतो. मग जिथे चेअरमन बदलला तिथे उभी रेघ मारा, आणि रेघेच्या पुढची दोन वर्षे आधी वाचा. सातवी-आठवी शिकलेल्या मुलीकडून हे काम एका संध्याकाळी होते. घरच्या बायकांच्या नावावर शेअर असतील तर त्यांनाही बसवावे, मत त्यांचेही आहे.

जुन्या अहवालांच्या प्रती प्रत्येक गट ऑफिसात शेती अधिकाऱ्यांकडे पाहायला ठेवल्या आहेत. सभेत विचारायचे प्रश्न नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी द्यावेत, आणि देताना अहवालातला पान नंबर लिहावा, म्हणजे उत्तर देणाऱ्याला 'माहिती घेऊन सांगतो' म्हणायला जागा राहत नाही.